एकवीस माणसं, सगळी घरची

"सगळं घरचं!" असं म्हणताना तो उजव्या हाताची पाच बोटं आधी पसरायचा, मग एकेक करत मिटायचा आणि ती मूठ समोरच्याच्या नाकाखाली धरायचा. समोर बिचारा नवऱ्या मुलाचा बाप, लग्नाला बँड ठरवायला आलेला. त्याला वाटायचं, हा आता मारतो की काय. मग तो मूठ हलवून सांगायचा, "एकवीस माणसं. एक पण भाडोत्री नाय. भाऊ, पोरं, पुतणे, जावई. सगळं घरचं!"

हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकलंय, कारण त्याच्या बँडचं ऑफिस आणि माझं अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान यांच्यात फक्त एक पत्रा होता. पंचवटीत आमची दोघांची ती गाळेवजा खोपटं शेजारी शेजारी. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, एक फोटोंचा अल्बम आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले एकवीस लाल कोट. दारावर बोर्ड, 'एकवीस माणसं, सगळी घरची'. सगळा बाजार त्याला मास्तर म्हणायचा. तोंडावर मीही 'अहो मास्तर' म्हणायचो. मनात मात्र तो कायम 'तो'च होता, आणि इथेही मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. तुमच्याही गल्लीत असा एकजण असेलच. त्याच्या कर्तबगारीतली निम्मी दुसऱ्याची असते आणि उरलेली निम्मी नसतेच.

तो अल्बम तुम्ही बघायला हवा होता. प्रत्येक पानावर हाच. घोड्यापुढे हा, मांडवात हा, कुण्या पुढाऱ्याच्या शेजारी मान घुसवून हा. बँड कुठंतरी मागे, धुरात. मिशा काळ्या कुळकुळीत रंगवलेल्या, खांद्यावर सोनेरी झालरी, डोक्यावर पिसाची टोपी, आणि हातात एक ट्रम्पेट. ते असं चकाकायचं की त्यात बघून दाढी करावी. रोज सकाळी तो ते कापडानं पुसायचा, अर्धा अर्धा तास. मी पत्र्याच्या फटीतून बघायचो आणि म्हणायचो, पुस बाबा, पुस.

घराण्याचा इतिहास तो न विचारता सांगायचा. आजा देवळ्याच्या पलीकडच्या खेड्यात सनई वाजवायचा. बापानं पितळी वाद्यं आणली आणि गावातल्या गावात घरच्यांचा बँड काढला. बाप गेल्यावर हा भावाला आणि चुलत्यांना घेऊन नाशकात आला. एक काळ होता, खोटं कशाला बोलू, की सटाण्यापासून पेठपर्यंत लग्नाची तारीख या बँडला विचारून धरायचे. पण चुलते म्हातारे झाले. एक गेला, एकाचे दात पडले, एकजण कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. मग डीजे आले आणि पोरांना छातीत धडधड करणारा आवाज हवासा झाला. यानंही मग स्पीकर लावलेली बँडगाडी केली, आणि तिच्यावरचा आवाज सांभाळायला मला घेतलं. मी बाहेरचा, पण मी काही वाजवत नव्हतो. त्यामुळे मी त्याच्या मोजणीत नव्हतो.

वाजवणारे गेले तरी कोट मात्र एकवीसच राहिले. मग त्या कोटांत माणसं भरायला लागली. बँडवाल्यांच्या धंद्यात यांना भरतीची माणसं म्हणतात. हातात वाद्य धरायचं, गाल फुगवायचे, आवाज काढायचा नाही. बाकीचे बँडवाले हे काम रोजंदारीच्या माणसांकडून करून घेतात आणि त्यात लपवाछपवीही करत नाहीत. याची तऱ्हाच न्यारी. भरतीचे पण घरचेच हवेत! मेव्हणा, साडू, मावसभावाचा पोरगा, ज्याच्या अंगाला कोट बसेल तो. शेवटी शेवटी एकविसांत खरे वाजवणारे चारच उरले होते. क्लॅरिनेटवर त्याचा धाकटा भाऊ उत्तम, कीबोर्डवर त्याचा मुलगा आणि ढोलताशावर दोन पुतणे. बाकी सगळे गाल.

मुलीसाठी स्थळ बघायला गेला तेव्हा यानं पोराला शिक्षण विचारलं नाही की शेती विचारली नाही. म्हणाला, "कोटाचं माप काय?" शप्पथ सांगतो. पोरगा सुरगाण्याकडचा, देवळ्यात एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर कारकून. लग्न झालं आणि पुढच्याच महिन्यात जावयाच्या गळ्यात तो मोठा पितळी बाजा, माणसाला वेटोळं घालून बसतो तो. नेमकी वरात निघाली त्याच्याच शेठच्या मुलाची. शेठ जवळ येऊन बघतो तर आपला कारकून गाल फुगवून उभा.

"अरे, तुला हे कधीपासून येतं?" शेठनं विचारलं.

हा मध्ये घुसला. "रक्तात असतंय शेठ! सगळं घरचं!"

जावयाच्या रक्तात सासऱ्याचं संगीत कसं आलं, हे विचारायची त्या शेठला बुद्धी झाली नाही. मी गाडीवर हसून हसून लोळलो.

आता त्या ट्रम्पेटचं सांगतो. एकदा मी सगळ्या वाद्यांना छोटे चिमट्याचे माइक लावले. त्याच्या ट्रम्पेटलाही लावला. वरात तासभर चालली. हा पुढे, कमरेत वाकून, डोळे मिटून, भान हरपून वाजवतोय. आणि माझ्या मशीनवर त्याच्या माइकचा दिवा एकदाही हलला नाही. मला वाटलं वायर तुटली. दुसऱ्या दिवशी दुकानात तपासली तर वायर ठणठणीत.

"मास्तर, जरा फुंका बघू," मी म्हणालो.

त्यानं ट्रम्पेट पुसलं. परत पुसलं. मग म्हणाला, "मिस्तरी, माझा माइक बंदच ठेवत जा. मला आवाज सहन होत नाय."

एकवीस माणसांचा मास्तर, आणि भरतीतला पहिला नंबर याचाच! मी उत्तमला विचारलं. उत्तम हसला नाही. म्हणाला, "दादाला कधी जमलंच नाही. बापानं दोन वर्षं शिकवलं, खूप मारलं. मग एक दिवस म्हणाला, तू नुसता पुढं चाल." त्या दिवसापासून मला या माणसाचा जो तिटकारा बसला तो बसलाच. न येणं हा काही गुन्हा नाही. मलाही काही येत नाही. पण मी काय तीस वर्षं डोळे मिटून डोलत नाही.

उत्तमबद्दल काय सांगू? काडीसारखा माणूस, कोट त्याच्या अंगावर हँगरला लावल्यासारखा लोंबायचा. दुपारी ऑफिसात कुणी नसलं की तो क्लॅरिनेट काढायचा. मी इकडे सोल्डर गन बंद करून ठेवायचो आणि नुसता ऐकत बसायचो. बोळवण करतानाचे सूर तो असे लावायचा की नवरीपेक्षा वऱ्हाडीच आधी रडायचे. चार खरे वाजवणारे म्हटलं खरं, पण तो बँड म्हणजे उत्तम होता. म्हणून मी एक केलं होतं, कुणाला न सांगता. दर लग्नात त्याच्या क्लॅरिनेटचा आवाज तेवढा वेगळा रेकॉर्ड करून ठेवायचो. सहा-सात वर्षांचा साठा होता माझ्याकडे.

मग उत्तमला हर्निया झाला. फुंकणाऱ्या लोकांना होतोच, पोटावर जोर येतो. ऑपरेशन झालं, तो परत वाजवायला लागला, आणि हर्निया परत उलटला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, "आता फुंकलात तर आतडं अडकेल. मग इथपर्यंत पोहोचाल की नाही सांगता येत नाही." हे ऐकायला आम्ही तिघंही होतो. दवाखान्याच्या पायरीवर हा काय म्हणाला असेल?

"पट्टा बांध. एवढा सीझन निघू दे."

माझं डोकंच फिरलं. "मास्तर, माणूस मरेल. दिंडोरीला एक चांगला क्लॅरिनेटवाला आहे, मी बोलतो त्याच्याशी."

"भाडोत्री?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याच्या देव्हाऱ्यात चपला घालून गेलो. "बोर्डावर काय लिहिलंय वाचलंय का तुम्ही?"

भाऊ मरू दे, बोर्ड जगू दे! मी त्याला तिथंच नीच म्हणालो. त्याला फरक पडला नाही. उत्तम मध्ये पडला, "जाऊ द्या मिस्तरी. मला पण वाजवल्याशिवाय करमत नाही." पट्टा बांधून त्यानं तीन लग्नं वाजवली. तिसऱ्या लग्नात भर दुपारी तो पोट धरून रस्त्यात बसला. नशीब बलवत्तर म्हणून थोडक्यात निभावलं.

चार दिवसांनी हा माझ्या दुकानात आला. टोपी नाही, झालरी नाहीत. म्हणाला, "मिस्तरी, तुम्ही त्याचं वाजवणं रेकॉर्ड करता. मला माहितीय."

"मग?"

"ते गाडीवर लावायचं. उत्तम रांगेत उभा राहील. फुंकणार नाय."

म्हणजे आता उत्तमपण भरतीचा. "लाज वाटते का काही?" मी विचारलं.

"नाय वाटत," तो म्हणाला आणि बसून राहिला.

मी दिलं. न देऊन करतो काय? नाही दिलं तर उत्तम पट्टा बांधून उभा राहणार. मी पेन ड्राइव्ह भरला, गाणी लावून दिली, कुठल्या गाण्याला ढोल कुठून उचलायचा तेही पुतण्यांना शिकवलं. या माणसाच्या लबाडीत आता माझाही हात होता, आणि त्यासाठी मी त्याचा आणखी द्वेष करायला लागलो. उत्तम पहिल्या वरातीला उभा राहिला. आपलंच वाजवणं स्पीकरमधून ऐकत, बोटं बरोबर फिरवत, ओठ कोरडे. वरात संपल्यावर तो गाडीवर माझ्याजवळ येऊन बसला. "पाच वर्षांपूर्वीचं लावलं होतं ना? तेव्हा बरा वाजवायचो," एवढंच बोलला.

वर्षभर हे खपलं. लोक नाचत होते, कुणाला काय पडलंय! आणि मग वैशाखात यांच्याच गावातलं लग्न आलं, देवळ्याच्या पलीकडे. स्वतःचं गाव म्हटल्यावर हा असा फुगला की कोटाची बटणं तुटायची बाकी होती. मारुतीच्या देवळापासून नवरदेव निघाला, सकाळचे अकरा, ऊन मी म्हणत होतं. अर्धा गाव भावकी. शिवाय दोन दुसऱ्या बँडांचे लोक पाहुणे म्हणून आलेले, आणि त्यांची नजर यांच्या गालांवर.

पहिल्या वळणावर जनरेटर बंद पडला.

क्लॅरिनेट गेलं, कीबोर्ड गेला. ढोलताशे चार ठोके पुढे गेले आणि तेही गोंधळून थांबले. आणि रस्त्यात अठरा माणसं, गाल फुगवलेली, वाद्यं तोंडाला लावलेली, आवाज शून्य. जावयाला तर काही कळलंच नाही, तो आणखी थोडा वेळ फुगवतच राहिला. एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "व माय, बठ्ठा मुकाच शेतस!" सगळेच मुके निघाले म्हणून. झालं. सगळी गल्ली खदाखदा हसायला लागली. मोबाइल वर झाले. पाहुण्यांतला एक बँडवाला ओरडला, "ओ मास्तर, पेन ड्राइव्ह फुका ना!"

मी गाडीवर जनरेटरची दोरी ओढत होतो, तरी माझं लक्ष उत्तमकडे होतं. आपलं गाव, आपली भावकी, बापाचं नाव. उत्तमनं क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि फुंकलं. खरं. एकच सूर, लांब. गल्ली गपकन शांत झाली. मी ओरडलो, "उत्तम, नको!" पण मी गाडीवर, तो वीस पावलं लांब.

हा त्याच्या अंगावर धावला. त्यानं उत्तमच्या तोंडातून क्लॅरिनेट ओढून काढलं. उत्तमचा ओठ फाटला, हनुवटीवर रक्त आलं. "नको फुकू! मरी जाशी!" हा घरच्या भाषेत ओरडला. उत्तम चवताळून ते परत घ्यायला गेला, तर यानं त्याला छातीवर हात देऊन मागे लोटलं, गर्दीदेखत. क्लॅरिनेट काखेत दाबलं. आणि मग आपलं ते चकचकीत ट्रम्पेट तोंडाला लावून फुंकलं.

काय तो आवाज! रेडा हंबरावा तसा. फुटका, बेसूर, मध्येच नुसती हवा. लोकांनी पोटं धरली. त्यानं परत फुंकलं. परत तेच. तो चालायला लागला. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, मिशांचा काळा रंग घामानं ओघळून हनुवटीवर आलेला, आणि प्रत्येक पावलाला तो हंबरडा. पोरंटोरं त्याची नक्कल करत पुढे पळत होती. नवरदेवानं घोड्यावर तोंडाला रुमाल लावला होता. पुतण्यांना शेवटी लाज वाटली असेल, त्यांनी मागून ढोल धरला. मांडव अजून बराच लांब होता.

आता मी जे सांगतो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ग्रामपंचायतीच्या वळणावर जनरेटर सुरू झाला. धडधड सुरू झाली, मशीनचे दिवे लागले. आवाजाची पट्टी माझ्या बोटाखाली होती. ती वर सरकवली की उत्तमचा सूर सगळ्या गल्लीवर पसरला असता आणि हसणं जागच्या जागी थांबलं असतं. त्या गोंगाटात जनरेटर कुणाला ऐकू आला नाही. त्याला आला. तो वळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. ट्रम्पेट ओठांवरून खाली घेतलं आणि वाट बघत थांबला.

मी पट्टी वर केली नाही.

मला वाटलं, हो. मला हे असंच बघायचं होतं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दमावर डोललास, आता स्वतःच्या दमावर चाल. सगळ्या गावाला कळू दे तू काय आहेस ते. मला आनंद झाला, खोटं नाही बोलणार. त्यानं दोन-तीन श्वास घेतले. मग ट्रम्पेट परत तोंडाला लावलं आणि मांडवापर्यंत फुंकत गेला.

त्याचा व्हिडिओ नाशकातल्या प्रत्येक बँडवाल्याच्या मोबाइलवर पोहोचला. ठरलेली लग्नं एकेक करत रद्द झाली. दिवाळीच्या आत त्यानं बोर्ड उतरवला. जाताना माझ्या दुकानाच्या दारात उभा राहिला, म्हणाला, "येतो मिस्तरी," आणि गेला. पट्टीबद्दल त्या दिवशी नाही, नंतर नाही, एक शब्द नाही. सुरगाण्याला मुलीकडे राहायला गेला. उत्तम इथंच आहे, ठणठणीत आहे, भजनी मंडळाला पेटी शिकवतो. पेटीला फुंकावं लागत नाही. भावाशी मात्र तो त्या दिवसानंतर बोलला नाही. कुणी विषय काढला की ओठावरून बोट फिरवायचा, जिथं फाटला होता तिथं.

गेल्या हिवाळ्यात तो सुरगाण्याला वारला. दहाव्याला गोदाघाटावर मीही गेलो होतो. मला तो माणूस आवडत नव्हता, आजही आवडत नाही. खोटारडा होता, फुशारकी मारायचा, भावाला पट्टा बांधून उभा करणारा तोच. पण गेलो. उत्तम डोकं भादरून पायरीवर बसला होता. मी शेजारी बसलो.

तो म्हणाला, "चारचौघांत माझ्या हातातून वाद्य ओढलं त्यानं. का ओढलं ते काय मला कळत नव्हतं? पण लोटलं मला. मग स्वतःचं हसं करून घेत मांडवापर्यंत गेला. मध्येच थांबला असता तरी चाललं असतं. कोण काय म्हणणार होतं?"

मी चपला काढून पाय पाण्यात सोडले.

"मिस्तरी," तो म्हणाला, "तो जनरेटर किती वेळ बंद होता हो?"

"शेवटपर्यंत," मी म्हणालो.